माळा तापून राहिला आहे: टिनाखाली काय लावावं, माळ्यावर काय टाकावं?

आर्वीकरीण | १२ मे, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आमचं घर आर्वी तालुक्यातल्या एका खेड्यात, आजोबांच्या वेळचं. मातीच्या दीड हात जाड भिंती, सागाच्या बल्ल्या, खाली तीन खोल्या आणि वर घराच्या लांबीचा माळा, ३० फूट बाय १८. माळ्याची भुई म्हणजे सागाच्या फळ्या आणि त्यावर माती-कुटाराचा थर. वर देशी कवेलू, म्हणजे मातीची कौलं, होते. वानरांनी ते टिकू दिले नाहीत. कळप आला की आढ्यावरून पळापळ, आणि मागे फुटक्या कवेलूंचा खच. दर उन्हाळ्यात घर फेरायला, म्हणजे कवेलू काढून परत बसवायला, माणूस शोधा. माणूस मिळाला तर कवेलू मिळत नाहीत, कारण आमच्या भागातल्या कुंभारांनी ते थापणं केव्हाच सोडलं. तीन वर्षांपूर्वी बाबांनी वासे काढले, लोखंडी पाइप टाकले आणि टिनं ठोकली.

पावसाळा सुखाचा झाला, उन्हाळा नाही. काल दुपारी तीनला मिरच्या काढायला माळ्यावर गेले. शिडीवरून डोकं वर काढलं तोच भट्टीचं झाकण उघडावं तशी झळ तोंडावर आली. पाइपाला हात लागला तर बोटांना चटका. चैत्रात पसरलेले दोन क्विंटल कांदे वरून छान कोरडे दिसत होते, हातात घेतले तर आतून शिजल्यासारखे मऊ. याच माळ्यावर पूर्वी कांदा दिवाळीपर्यंत राहायचा.

कांद्याचं एक वेळ सोडून देऊ. खाली मधल्या खोलीत माझी आजी असते, वय ८२. रात्री बारापर्यंत वरून धग उतरत राहते. कूलर आहे, पण तो समोर बसेल त्यालाच गार करतो. उन्हाळाभर अंगणात बाजेवर झोपणारी बाई ती. मांडीचं हाड मोडल्यापासून रात्री उठताना कुणाचा तरी हात लागतो, म्हणून आता घरातच असते. ओला पदर डोक्यावर घेऊन पडून राहते आणि तक्रार करत नाही. मला तेच बघवत नाही.

विचारायचं हे: टिनाखाली थर्माकोल लावू, ग्लासवूल लावू, की ती चंदेरी फॉइलची बबलशीट? की टिनाला हात न लावता माळ्याच्या भुईवरच काही टाकू? खर्च २५ हजारांच्या आत बसला पाहिजे. नवतपा, म्हणजे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, २५ तारखेला लागतो, त्याआधी जे होईल ते करायचं आहे.

पूर्णाकाठचा | १२ मे, रात्री ११:०५

ताई, आमच्या अख्ख्या गल्लीची हेच कथा आहे. वानरानं कवेलू फोडले अन् टिनानं आपल्याले भाजलं.

दर्यापूरचा_दादा | १३ मे, सकाळी ६:२०

एवढा विचार कायले करता? आमच्या इकडं टिनावर पऱ्हाट्या टाकतात. कापूस निघाला की पऱ्हाटीचे भारे बांधायचे, टिनावर आडवे टाकायचे, वरून दोन-चार गोटे ठेवायचे. तुराट्या असल्या तं अजून चांगलं. हातभर थर टाकला की दुपारी घरात बसता येते. खर्च शून्य. पाणी आलं की उतरवून चुलीत. माह्या बापानं हेच केलं, मी हेच करून राहिलो.

संध्या_मोर्शी | १३ मे, सकाळी ८:१५

दादा, तुमच्या घराला काही न होवो, पण हे मी कुणालाच करू देणार नाही. आमच्या काकांच्या गोठ्यावर असाच पऱ्हाट्यांचा थर होता. एप्रिल महिना, दुपारचा वारा, वरून गेलेल्या तारा एकमेकींना लागल्या आणि ठिणगी पडली. सोडवायला हात घालेपर्यंत दोन गोऱ्हे गेले. वाळलेली पऱ्हाटी पेट घेते ती कागदासारखी. गावात आगीचा बंब पोचायला किती वेळ लागतो ते सगळ्यांना माहीत आहे.

सावलीच हवी असेल तर टिनाच्या वर हिरवी जाळी लावा, शेडनेटची. पण टिनाला टेकवून नाही, हातभर वर, वेगळे बांबू रोवून. मध्ये वारा खेळला पाहिजे.

दर्यापूरचा_दादा | १३ मे, सकाळी ८:४०

संध्याताई, वाईट वाटलं वाचून. वरून तार गेली असन तं नकोच, हे मी पण म्हणतो. पण जाळीचं सांगतो, मे महिन्यातली वावधन आली की ते जाळी शिडासारखी फुगते. मागच्या साली एकानं जाळीचे दोर टिनाच्या हुकाले बांधले होते. जाळी गेली, संग तीन टिनं घेऊन गेली.

तापमापी | १३ मे, दुपारी १:३०

मी पॉलिटेक्निकला शिकवतो, राहतो पुसदजवळ. आर्वीकरीण, तुमच्या प्रश्नात खरं तर दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि ते वेगळे केले की खर्च निम्मा होतो.

पहिला प्रश्न: धग खाली येते कशी? उष्णता वाहून येते, हवेबरोबर येते आणि किरणांनी येते, हे शाळेत शिकलो. तापलेली हवा वर आढ्याशी जाऊन बसते, ती आपणहून खाली उतरत नाही. म्हणजे साठ-पासष्ट अंशांना तापलेल्या टिनाची धग तुमच्या भुईपर्यंत येते ती मुख्यतः किरणांनी. चुलीपासून चार हातांवर बसलं तरी तोंड भाजतं, मधली हवा तितकी तापलेली नसली तरीही. तसंच हे. किरणं अडवायला जाड गादी लागत नाही, चकचकीत पत्रा पुरतो. ॲल्युमिनियमची स्वच्छ फॉइल आलेल्या किरणांपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास परत पाठवते. पण अट एकच: फॉइलच्या चकचकीत बाजूला मोकळी हवा हवी, निदान इंचभर. टिनाला चिकटवून लावली तर ती धातूला लागलेला धातू, उष्णता सरळ पार. शंभरात नव्वद ठिकाणी कारागीर तिथेच चुकतात. पाइपांच्या खालच्या बाजूने ताणून लावा, म्हणजे टिन आणि फॉइल यांच्यात पाइपाच्या जाडीएवढी पोकळी आपोआप राहते. एकच बाजू चकचकीत असेल तर ती खाली करा. वर केलेल्या बाजूवर वर्षभरात धूळ बसते आणि तिचं काम संपतं.

दुसरा प्रश्न: जी धग तरीही आली ती माळ्याच्या भुईतून खोलीत उतरू नये म्हणून काय करायचं? इथे जाडी आणि हलकेपणा कामाला येतो. तुमचा मातीचा थर उष्णता अडवत नाही, साठवतो. दिवसभर पितो आणि रात्री आजींच्या अंगावर सोडतो. कवेलू होते तेव्हा वरून येणारी धगच कमी होती, म्हणून तीच माती गार वाटायची. आता तिच्यावर पांघरूण हवं, पोकळ आणि हलकं.

एक हिशेब देतो, मुलांना वर्गात देतो तोच. दोन इंच थर्माकोल जेवढी उष्णता अडवतं तेवढी अडवायला काँक्रीटचा स्लॅब किती जाड लागेल? साधारण साडेसात फूट. म्हणूनच आम्ही पैसेवाले होऊन स्लॅब टाकले आणि तरी रात्रभर भाजून निघतो.

सागर_मिस्त्री | १३ मे, संध्याकाळी ७:००

सर बरोबर सांगतात, पण एवढं फॉइल-बिइल करत बसण्यापेक्षा थर्माकोलच्या शीट टिनाला चिकटवून टाका. मी दहा-बारा घरं केली. एका दिवसात काम, गिऱ्हाईक खूश.

वायरमन_भाऊ | १३ मे, रात्री ९:१०

सागरभाऊ, माझं मात्र याच्याशी जमत नाही. एक तर थर्माकोल पंचाहत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास मऊ पडून बसायला लागतं, आणि आपलं टिन मे महिन्यात त्याच्या किती जवळ जातं ते तुम्हाला माहीत आहे. चिकटवलेली शीट दोन उन्हाळ्यांत खाली वाकलेली मी पाहिली आहे.

दुसरी गोष्ट लोकांना माहीतच नसते. पीव्हीसीची वायर थर्माकोलला टेकून राहिली तर वायरच्या वेष्टनातला मऊपणा आणणारा पदार्थ थर्माकोल शोषून घेतं. थर्माकोलला तिथे खोबण पडते आणि वायर कडक होऊन तडकते. कळंबजवळ एका घरात मी अशी वायर हातात घेतली आणि वेष्टन बिस्किटासारखं तुटलं. आत उघडी तार, वर टिन. जिथे थर्माकोल तिथे वायर कठीण पाइपातून न्यायची, नाहीतर न्यायचीच नाही. आणि पेटलं तर काळा धूर एवढा निघतो की माणूस आगीच्या आधी धुराने पडतो.

सागर_मिस्त्री | १३ मे, रात्री ९:४५

वायरचं खरंच माहीत नव्हतं. ज्या घरांमध्ये लावलं तिथे जाऊन बघतो.

उंदीरमामा | १३ मे, रात्री १०:०२

थर्माकोलमध्ये उंदरांची जी वसाहत होते तिच्याबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्याकडे तीन पिढ्या नांदल्या, आणि रात्री दाणे चावल्यासारखा जो आवाज येतो त्याने झोप उडते ती वेगळीच.

विजया_ब्रह्मपुरी | १४ मे, सकाळी ७:३०

आमची झाडीपट्टी, धानाचा मुलूख. आमच्याकडे धानाच्या गिरणीतून तूस निघतो, म्हणजे धानाची वरची टरफलं. आमच्या आईच्या घरी माळ्यावर तुसाची पोती अंथरलेली असायची, त्यावर तणसाची, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाची, चटई. तेव्हा वाटायचं जागा नाही म्हणून ठेवलीत. आता सरांचं वाचून कळलं की ते पांघरूणच होतं. तूस इतका हलका की भरलेलं पोतं पोरगी एका हाताने उचलते. त्यात खायला काही नसतं म्हणून उंदीर फार येत नाहीत, कुजतही नाही लवकर. तणस मात्र नको. तणस म्हणजे विंचवाचं घर.

तापमापी | १४ मे, सकाळी ९:००

विजयाताई, अगदी मोलाचं सांगितलंत. धानाच्या तुसात हवा भरपूर कोंडलेली असते आणि वाळूत असते ती सिलिका टरफलात भरपूर असते, म्हणून तो भडकत नाही. पण धुमसतो हे लक्षात ठेवायचं. आतल्या आत तासन् तास. म्हणजे वायर, दिवा, चुलीचं धुराडं यांच्यापासून दोन हात लांब. चार इंच जाड थर हा दोन-अडीच इंच थर्माकोलच्या तोडीचा होईल, आणि गिरणीवाला तो जवळजवळ फुकट देतो.

आर्वीकरीण | १४ मे, दुपारी २:१५

तूस! आमच्याकडे कापूस, सोयाबीन, तूर, संत्रा, धान नाही. पण भिवापूरला मावशी आहे, तिकडे धान आणि गिरण्या दोन्ही आहेत. विचारते.

बबलशीट टिनाखाली लावायची तर ती फक्त आजीच्या खोलीवर पुरेल की पूर्ण माळ्यावर लागेल?

तापमापी | १४ मे, दुपारी २:५०

फॉइल पूर्ण माळ्याला, कारण किरणं तिरपीही जातात. तूस फक्त आजींच्या खोलीवर आणि चारी बाजूंनी दोन-दोन फूट जास्त. पैसा तिथे लावा जिथे माणूस झोपतं.

घरकुलवाला | १४ मे, रात्री ८:३०

मी मधेच घुसतो. माझं घर टिनाचं नाही, घरकुलातलं आहे, स्लॅबचं. २५ चौरस मीटरचं, तेव्हा मिळालेल्या १ लाख २० हजारांत जेवढं झालं तेवढं. खिशातले टाकून स्लॅब टाकला, गावात मान वाढला, पण रात्री दोन वाजेपर्यंत भिंतीला पाठ लावता येत नाही. त्यालाही खालून फॉइल लावू का?

तापमापी | १४ मे, रात्री ९:२०

नाही. स्लॅबचं औषध उलटं. टिन पातळ असतं, सूर्य मावळला की अर्ध्या तासात गार. त्याला खालून अडवलं तरी चालतं. स्लॅब जाड, तो दिवसभर ऊन पिऊन ठेवतो. खालून काही लावलं तरी स्लॅब तापणारच. म्हणून स्लॅबला ऊन लागूच द्यायचं नाही, जे काही करायचं ते वरून.

सगळ्यात स्वस्त म्हणजे चुना. कळीचा चुना रात्रभर भिजवायचा, गाळायचा, त्यात पांढरा गोंद घालायचा आणि मार्चअखेर दोन हात मारायचे. काळवंडलेला स्लॅब ऊन गिळतो, ताजा पांढरा चुना त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त परत फेकतो. अहमदाबादेने २०१३ मध्ये उन्हाच्या लाटेसाठी कृती आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली. आपल्या शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये तर थंड छतांचं वेगळं धोरणच काढलं. आपल्याकडे ४७.९ अंश नागपुरात २३ मे २०१३ ला नोंदले गेले. आपल्याला या चुन्याची गरज त्यांच्याहून कमी नाही.

पैसे जमले की दुसरी पायरी: स्लॅबवर मातीची मडकी उलटी मांडून मधल्या फटींमध्ये चुना-विटांचा कोबा भरतात. मडक्यातली कोंडलेली हवा गादीचं काम करते. वजन मात्र आधी अभियंत्याला दाखवा, घरकुलाचा स्लॅब कुणी किती सळईत टाकला ते त्यालाच पाहू द्या.

टिनाच्या बाबतीत एक फरक. टिनावर चुना धरत नाही, पहिल्या सरीत ओघळतो. तिथे पत्र्याचा पांढरा रंग घ्या. आणि "टिन तर चकचकीत आहे, रंग कशाला" असं वाटेल. कोरं टिन ऊन बऱ्यापैकी परतवतं, पण स्वतः तापल्यावर ती उष्णता आकाशाकडे सोडत नाही, धरून बसतं. पांढरा रंग दोन्ही कामं करतो.

रेशीमवाला | १५ मे, सकाळी ६:५०

आमचं रेशमाच्या किड्यांचं शेड. किड्यांना २४ ते २८ अंश लागतात, त्याच्या वर गेलं की खाणं सोडतात आणि महिनाभराची मेहनत जाते. म्हणून टिनाशी झगडणं हे आमचं रोजचं काम. आम्ही वर जाळी लावतो (वेगळ्या खांबांवर, दादा म्हणतात ते शंभर टक्के खरं), आत बारदान्याचं छत ताणतो आणि त्यावर ठिबकच्या नळीने पाणी सोडतो. माणसाच्या घरात बारदाना ओला ठेवायची गरज नाही. पण एक गोष्ट शिकलो: तापलेल्या हवेला वर वाट दिली नाही तर बाकी सगळं अर्धंच काम करतं. आम्ही आढ्याला फट ठेवली आणि वळचणीला जाळी. खालून हवा आत, वरून बाहेर. त्याला वीज लागत नाही.

ताई, तुमच्या माळ्याला झरोका आहे का?

आर्वीकरीण | १५ मे, सकाळी १०:१०

होता. कवेलूंमध्ये तर सगळीकडूनच वारा जायचा. टिनं टाकताना दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती विटांनी बंद केल्या, पाकोळ्या येतात म्हणून. आणि वळचण सिमेंटने लिंपली, साप येतात म्हणून. आता लिहिताना लक्षात येतंय की आम्ही माळा बाटलीसारखा बूच मारून बंद केला आहे.

रेशीमवाला | १५ मे, सकाळी १०:२५

तेच! दोन्ही त्रिकोणी भिंतींत वरच्या टोकाला दोन-दोन फुटांची भोकं पाडा, चिमणीजाळी लावा. वळचणीला जागोजागी वीतभर मोकळं करून बारीक जाळी. आधी हे करा, मग खरेदी.

तापमापी | १५ मे, सकाळी ११:००

मी हे पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. रेशीमवाल्यांचं म्हणणं माझ्या फॉइलच्या आधी ठेवा.

मास्तर_निवृत्त | १५ मे, दुपारी ४:००

तुमचं वाचून सेवाग्रामची बापू कुटी डोळ्यांसमोर आली. माती, बांबू आणि कवेलू. मे महिन्याच्या भर दुपारी तिथे शाळेची पोरं घेऊन गेलो आहे. आत पाऊल टाकलं की पोरं आपोआप हळू बोलायला लागतात, थोडी जागेमुळे आणि थोडी गारव्यामुळे. वर्ध्याजवळ दत्तपूरला ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे. तिथे शंकूच्या आकाराचे कवेलू एकात एक अडकवून कमानीचं छत केलेलं पाहिलं, ना लाकूड ना लोखंड. आर्वीहून लांब नाही. पोरी, तुझे उतरवलेले कवेलू अजून आहेत का? फेकू नकोस.

आर्वीकरीण | १५ मे, संध्याकाळी ६:४५

आहेत काका, गोठ्यामागे रचून ठेवले आहेत. बाबांचं मन झालं नाही फेकायचं. तेच टिनावर परत मांडले तर?

सागर_मिस्त्री | १५ मे, रात्री ८:१०

मांडू नका. तुमचे जुने वासे हात-हातावर होते, त्यांना ते वजन पेलायचं. आता पाइप चार-चार फुटांवर असतील, टिनाच्या हिशेबाने. वर कवेलूंचं ओझं आलं की पाइप झुकणार, आणि वानरं आहेतच.

पूर्णाकाठचा | १५ मे, रात्री ८:३०

वानरांची पण वाट पाहणं सुरू असन, कवेलू कधी परत येते म्हणून.

आशाताई_राळेगाव | १६ मे, सकाळी ९:३०

छताचं तुम्ही सगळे बघताच आहात. मी आजींबद्दल सांगते, कारण छत व्हायला आठ दिवस लागतील आणि ऊन आजच आहे. म्हाताऱ्या माणसाला तहान कळत नाही. दर तासाला अर्धा पेला द्यायचा, मागण्याची वाट बघायची नाही. पन्हं, ताक, मीठ-साखरेचं पाणी. लघवी पिवळी जर्द किंवा कमी झाली तर समजायचं. अंग तापलं आहे आणि बोलणं बरळल्यासारखं आहे, तर क्षणभर थांबायचं नाही. मानेवर, काखेत, जांघेत ओली फडकी, पंखा, आणि सरळ प्राथमिक आरोग्य केंद्र. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालायचं नाही.

आणि कूलर लावताना समोरची खिडकी बंद करता का? खूप जण करतात, गारवा बाहेर जाईल म्हणून. कूलरची हवा ओली असते, ती बाहेर निघाली नाही तर खोली दमट होते आणि घाम वाळत नाही. कूलरच्या समोरच्या बाजूचं दार वीतभर उघडं ठेवा.

आर्वीकरीण | १६ मे, सकाळी ११:२०

ताई, खिडकी बंदच होती. आत्ता उघडली. आजी म्हणते, "आता कसं मोकळं वाटून राहिलं."

बुलढाण्याचा_बाळू | १७ मे, दुपारी १२:००

संध्याकाळी छतावर पाणी मारा ना सरळ, एवढा खटाटोप कशाला?

संध्या_मोर्शी | १७ मे, दुपारी १२:४०

बाळूभाऊ, मे महिन्यात आमच्याकडे नळ तीन दिवसांआड. बायका हंडे घेऊन उभ्या असताना मी छतावर पाणी फेकू? शिवाय सरांनी सांगितलंच, टिन संध्याकाळी आपोआप गार होतं. स्लॅबला उपयोग होतो थोडा, टिनाला कशाला?

चिखलदऱ्याची_थंडी | १८ मे, रात्री ९:००

फॉइल लावणार असाल तर हिवाळ्याचा विचार आत्ताच करा. थंडीत पहाटे टिनाच्या आतल्या बाजूला दव धरतं आणि ठिपकतं. मेळघाटात आमच्या घरी डिसेंबरात पांघरूण ओलं व्हायचं. फॉइल लावल्यावर ते पाणी फॉइलवर पडेल. उताराच्या खालच्या टोकाला तिला भिंतीपासून दोन बोटं मोकळी सोडा, म्हणजे पाणी वळचणीतून निघून जाईल आणि हवेलाही वाट मिळेल. तुसाच्या पोत्यांवर मात्र ते पडू नये.

आर्वीकरीण | २७ मे, रात्री ९:५०

सगळ्यांना आधी मनापासून धन्यवाद. काय काय केलं ते क्रमाने सांगते, म्हणजे कुणाला उपयोगी पडेल.

१७ तारखेला दोन्ही त्रिकोणी भिंतींत भोकं पाडली. बाबांनी स्वतः छिन्नी घेतली. पहिली वीट निघाली तेव्हा आतली हवा अशी बाहेर आली की त्यांनी तोंड फिरवलं. वळचणीला सहा ठिकाणी मोकळं केलं, बारीक जाळी ठोकली. त्या एका कामाने, एक रुपयाचा माल न आणता, माळ्यावर उभं राहता येऊ लागलं.

मग टिनाला पांढरा रंग, दोन हात, पहाटे पाच ते सात एवढ्याच वेळात, कारण त्यानंतर टिनावर पाय ठरत नाही. मग बबलशीट, पाइपांच्या खालून तारेने ताणून. कारागीर टिनालाच चिकटवत होता. मी तापमापी सरांचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. त्याने डोकं खाजवलं, पण ऐकलं. खालच्या टोकाला दोन बोटं मोकळी सोडली आहेत.

तूस भिवापूरहून आला, मावशीच्या गावच्या टेम्पोतून, ४० पोती. युरियाच्या धुतलेल्या पिशव्यांत भरून तोंडं शिवली आणि आजीच्या खोलीवर वीटबांधणीसारखी सांधेमोड करून मांडली. वायरमन भाऊंच्या सांगण्याप्रमाणे तिथली वायर काढून भिंतीवरून पाइपातून घेतली. रंग, शीट, मजुरी, भाडं सगळं धरून २१ हजार ४०० झाले.

आकडे: शहरातल्या चुलतभावाचं बंदुकीसारखं थर्मामीटर मागवलं. (कोरोनाच्या वेळचं कपाळाचं असेल तर चालत नाही, ते चाळिशीच्या वर फार जात नाही.) आधी, ११ तारखेसारख्याच कडक उन्हात, बाहेर ४४ असताना टिनाची आतली बाजू ६३, आजीच्या खोलीच्या फळ्या ४४. काल बाहेर ४५, टिन ४९, फळ्या ३७.

तापमापी | २७ मे, रात्री १०:१५

उत्तम! एकच विचारतो. ६३ मोजताना टिन उघडंच होतं का? चकचकीत धातूवर ही बंदूक कमी दाखवते.

आर्वीकरीण | २७ मे, रात्री १०:३०

नाही सर, दोन्ही वेळेला काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर मोजलं. ते तुमच्याच कुठल्यातरी जुन्या धाग्यावर वाचलं होतं.

घरकुलवाला | २८ मे, सकाळी ७:००

माझाही चुना झाला. एक पोतं चुना, बायको आणि मी, दोन सकाळी. काल रात्री साडेअकराला भिंतीला पाठ लावून बसलो होतो. शेजारचे तिघं विचारून गेले.

दर्यापूरचा_दादा | २८ मे, सकाळी ८:२०

मी पण पऱ्हाट्या उतरवल्या. बाप थोडा रागावला. रंगाचा डबा आणला तवा मंग स्वतःच ब्रश घेऊन बसला.

मास्तर_निवृत्त | २८ मे, संध्याकाळी ५:३०

आणि कवेलूंचं काय ठरलं, पोरी?

आर्वीकरीण | १४ जून, रात्री ८:०५

काका, न्हाणीमागच्या सपरीला वापरले. तिथे वानरं फारशी येत नाहीत, शेजारच्या कुत्र्याची वाट आहे ती. परवा पहिला पाऊस झाला, तूस कोरडा राहिला, वळचणीतून पाणी आत आलं नाही. माळ्याच्या जाळीशी एक चिमणी खटपट करत होती, तिच्यासाठी बाहेरून खोकं टांगलं.

नवतप्याचे नऊही दिवस आजी आतच झोपली. काल तिने विचारलं की माळ्यावर आता कांदे टाकता येतील का. टाकले आहेत, अर्धा क्विंटल, तुसाच्या पलीकडे, झरोक्याच्या तोंडाशी. दर रविवारी वर जाऊन दाबून बघते. अजून तरी एकही मऊ नाही.